डोंगरवाट कोणाची?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही इयत्ता दहावीतील नऊ विद्यार्थी बेळगावच्या पश्चिमेकडील एका डोंगरावर गेलो होतो. आमच्यापैकी सातजण पायी होते. दोघांनी आपल्या गिअरच्या सायकली बरोबर घेतल्या होत्या. चढताना सायकलवाल्यांची आम्ही पुष्कळ थट्टा केली. कारण सायकलींनी त्यांना वाहून नेण्याऐवजी तेच सायकली खांद्यावर वाहून नेत होते. परंतु उतरणीस लागताच पारडे फिरले. आम्ही जपून पावले टाकीत होतो आणि ते दोघे मोठ्याने आरोळ्या देत आमच्या पुढे निघून गेले.

अर्ध्या उतारावर वाट कारवीच्या दाट झुडपांमधून एकदम वळते. त्या वळणाच्या खालच्या बाजूने साठीच्या घरातील एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. आमच्या पुढच्या सोबत्याला त्या दिसल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने ब्रेक दाबले, चाके खडीवरून घसरली आणि तो कारवीत कोसळला. आजी वाट सोडून कडेला सरल्या, त्यांचा पाय निसटला, आणि सकाळपासून कापून बांधलेला भारा गडगडत ओढ्यात गेला. ईश्वरकृपेने कोणास गंभीर दुखापत झाली नाही. आजींच्या कोपराला खरचटले एवढेच. आम्ही ओढ्यात उतरून गवत गोळा केले, भारा पुन्हा बांधला व तो त्यांच्या गोठ्यापर्यंत पोहोचता केला. निरोप घेताना आमच्या सोबत्याने हात जोडून क्षमा मागितली. त्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाळांनो, तुमास्नी त्यो खेळ हाय, आमास्नी रोजची वाट हाय."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढील आठवड्यात शाळेच्या वादविवाद मंडळात 'डोंगरातील पायवाटा सायकलस्वार व पायी चालणारे यांनी वाटून घ्याव्यात काय?' हाच विषय ठेवण्यात आला. दोन्ही पक्षांनी टेबल दणाणून सोडले, परंतु निर्णय झाला नाही. कारण कोणापाशीच माहिती नव्हती, केवळ आवेश होता. तेव्हा हा प्रश्न इतर देशांत कसा उद्भवला, तेथील लोकांनी तो कसा हाताळला आणि त्यातून आपणांस काय घेता येईल, याचा शोध घेण्याचे आम्ही ठरविले. त्या शोधाचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या प्रश्नाचे जन्मस्थान अमेरिकेत आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलाच्या पलीकडे, मरीन नावाचा परगणा आहे. तेथे टॅमलपायस नावाचा ७८४ मीटर उंचीचा डोंगर आहे. या डोंगरावर पायी भटकणाऱ्यांची परंपरा फार जुनी. डोंगराचे रक्षण व्हावे म्हणून तेथील पदयात्रींनी १९१२ साली एक मंडळही स्थापन केले. डोंगराच्या कुशीत जलाशय असून त्यांचे पाणी परगण्यातील लोक पितात. म्हणून तेथील माती वाहून जाणे ही केवळ सौंदर्याची हानी नसून पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ठरतो.

१९७० नंतरच्या दशकात या परगण्यातील काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमारास बनलेल्या, जाड टायरांच्या, जड व टाकाऊ सायकली जुन्या बाजारांतून शोधून काढल्या आणि वणवा विझविण्यासाठी डोंगरात काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या भरधाव खाली आणण्याचा छंद लावून घेतला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. अंतर सुमारे सव्वातीन किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात उतार सुमारे चारशे मीटरांचा! पेडल उलटे फिरवून लावावयाचा ब्रेक त्या सायकलींना असे. तो इतका तापे की चाकाच्या तुंब्यातील वंगणाचा धूर होऊन जाई, आणि शर्यत संपल्यावर तुंबा उघडून त्यात पुन्हा वंगण भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'साठी इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून त्या शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले.

या खेळातूनच एक नवे यंत्र जन्मास आले. जो ब्रीझ या कारागिराने १९७७ साली डोंगरासाठी मुद्दाम नवा सांगाडा बनविला. १९७९ साली गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनविलेल्या सांगाड्यांवर सायकली बांधून विकण्याचा व्यवसाय आरंभिला. १९८१ साली 'स्टंपजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली डोंगरी सायकल बाजारात आली, आणि दहा-पाच मित्रांचा छंद पाहता पाहता देशोदेशी पसरला. १९९६ साली अ‍ॅटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथम स्थान मिळाले.

सायकली वाढल्या, तशा तक्रारीही वाढल्या. ज्या वाटांवर पन्नास-साठ वर्षे केवळ पावलांचा व घोड्यांच्या टापांचा आवाज येत असे, तेथे एकाएकी मागून चाके येऊ लागली. वृद्ध पदयात्री दचकू लागले, घोडे बुजू लागले. अखेर टॅमलपायसवरील जलसंस्थेच्या भूमीत अरुंद वाटांवर सायकलीस बंदी झाली. रुंद कच्चे रस्ते तेवढे मोकळे राहिले. त्यांवरही ताशी पंधरा मैलांची, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरांची वेगमर्यादा आली, आणि वळणावर अथवा माणसाजवळून जाताना ताशी पाच मैलांची, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरांची. रक्षक हाती वेगमापक यंत्र घेऊन उभे राहू लागले. ज्या डोंगरात ही सायकल जन्मली त्याच डोंगरात तिच्यावर हा पहारा बसावा, हा दैवदुर्विलास होय!

अमेरिकेत या वादाला कायद्याचीही एक बाजू आहे. तेथे १९६४ साली निर्जन वनप्रदेशांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात मोटारींबरोबरच 'कोणत्याही प्रकारच्या यांत्रिक वाहतुकी'स मनाई आहे. त्या वेळी डोंगरी सायकल अस्तित्वातच नव्हती. तेव्हा माणसाच्या पायांच्या बळावर चालणारी सायकल या शब्दांत मोडते काय, असा पेच निर्माण झाला. वनखात्याने १९८४ साली नियमांत सायकलीचा स्पष्ट उल्लेख करून तो सोडविला: मोडते! १९८८ साली मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी सुमारे ४,२६५ किलोमीटरांची 'पॅसिफिक क्रेस्ट' वाटही सायकलींना बंद झाली. याच १९८८ साली कॅलिफोर्नियातील सायकलस्वारांच्या संघांनी एकत्र येऊन आपली संघटना उभी केली. आणि विशेष हे की, केवळ हक्कांचा घोष न करता तिने आपल्या सभासदांना वाटेवरील शिस्तीचे नियम शिकविण्याचे काम अंगावर घेतले. स्वतः वाटा बांधणे, खचलेल्या वाटा दुरुस्त करणे, हाही तिच्या कार्याचा भाग झाला.

आता आक्षेपांचा एकेक करून विचार करू. ते मुख्यतः तीन आहेत: माणसांना होणारा धोका, वाटेची धूप आणि वन्य प्राण्यांना होणारा उपद्रव.

धोक्याचा प्रश्न आम्ही भावनेवर न सोडता गणिताने सोडविण्याचा प्रयत्न केला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी तो फळ्यावर मांडून दिला. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि सुट्या खडीच्या उतारावर ब्रेकने दर सेकंदास वेग तीन मीटरांनी कमी होतो असे मानू. ताशी चोवीस किलोमीटर वेगाची सायकल सेकंदास सुमारे ६.७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक दाबण्यापूर्वीच ६.७ मीटर संपले. पुढे थांबण्यास आणखी ७.४ मीटर लागले. एकूण सुमारे चौदा मीटर. वेग ताशी आठ किलोमीटर असेल तर हेच अंतर केवळ तीन मीटर भरते. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, वेग तिप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर तिप्पट होत नाही, नऊपट होते. शिवाय समोरून येणारा माणूसही चालत असतो. ताशी चार किलोमीटर वेगाने तो येत असेल, तर सायकल थांबेपर्यंत तोही सुमारे साडेतीन मीटर पुढे आलेला असतो.

हा हिशेब घेऊन आम्ही पुढच्या रविवारी त्याच वळणावर गेलो. एकजण वळणाच्या वर उभा राहिला, दुसरा खाली. दोघे एकमेकांस प्रथम दिसतात तेथपर्यंत दोरी धरून आम्ही अंतर मोजले. ते अकरा मीटर भरले. आमच्या सोबत्याच्या सायकलीवरील वेगमापकाने त्या दिवशी ताशी बावीस किलोमीटर दाखविले होते. त्या वेगाने थांबण्यास बारा मीटरांहून अधिक लागतात. म्हणजे आजी जागच्या जागी स्तब्ध उभ्या राहिल्या असत्या, तरीही सायकल त्यांच्यापाशी पोहोचलीच असती! त्या कडेला सरल्या म्हणून अनर्थ टळला. आमच्या सोबत्याच्या कौशल्याने नव्हे. तोच वेग ताशी पंधरा असता तर जेमतेम निभावले असते, आणि आठ असता तर हसत हसत थांबता आले असते. हा निष्कर्ष फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आमचा तो सोबती बराच वेळ गप्प बसून होता. या लेखात ही हकीकत घालावी असा आग्रह त्याचाच आहे.

यावरून असे दिसते की, धोका सायकलीत नसून न दिसणाऱ्या वळणावरील वेगात आहे. ज्या वाटेवर शंभर मीटरपर्यंत नजर पोहोचते, तेथे तोच वेग निरुपद्रवी ठरू शकतो. 'सायकल चांगली की वाईट' हा प्रश्न सोडून 'या वाटेवर किती दूरचे दिसते' हा प्रश्न विचारला की वादातील अर्धी कटुता नाहीशी होते.

दुसरा आक्षेप धुपीचा. चाके वाट उकरतात हे इतके उघड वाटते की त्याची कोणी तपासणी करावी असे सुचतही नाही. परंतु शास्त्रज्ञांनी ती केली आहे. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील डोंगरवाटांवर विल्सन व सेनी या दोघांनी पायी माणसे, घोडे, मोटारसायकली व सायकली यांची तुलना केली. वाटेच्या तुकड्यांवर कृत्रिम पाऊस पाडून किती माती वाहून जाते हे त्यांनी मोजले आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओल्या वाटेवर घोड्यांच्या टापा व माणसांची पावले चाकांपेक्षा अधिक माती सुटी करतात असे आढळले. आणि त्यातही टापा सर्वांत अधिक. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतातील एका राखीव वनात थर्स्टन व रीडर यांनी माणसांच्या व सायकलींच्या प्रत्येकी पाचशेपर्यंत खेपा घडवून झाडोरा व माती यांची पाहणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोहोंच्या परिणामांत म्हणण्यासारखा भेद दिसला नाही.

सायकलस्वार मित्रांनी मात्र यावरून लगेच विजयाची तुतारी फुंकू नये. हे प्रयोग मर्यादित आहेत. चिखलात रुतलेले चाक अखंड चर पाडते. पावलाचा खड्डा तुटक असतो. उतारावरच्या अखंड चरीतून पावसाचे पाणी ओढ्यासारखे धावते आणि चर दरवर्षी खोल होत जाते. चाक अडवून घसरत जाणे, वळण चुकवून सरळ उतरणे, चिखल टाळण्यासाठी कडेने दुसरी वाट पाडणे, या सवयींमुळे होणारे नुकसान मोजपट्टीवरील पाचशे शांत खेपांत दिसणार नाही. तसेच पायी माणूस दिवसात पंधरा किलोमीटर चालतो, तर सायकलस्वार त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर सहज कापतो. प्रत्येक मीटरवरील परिणाम सारखा असला, तरी एका दिवसात त्याचा स्पर्श अधिक मीटरांना होतो. पायी चालणाऱ्यांनीही मनात धरण्यासारखी गोष्ट आहे: वळण तोडून मधूनच खाली उतरण्याची खोड प्रथम आपल्यालाच लागलेली असते. धुपीचे खापर एकाच्या माथी फोडता येत नाही.

तिसरा आक्षेप प्राण्यांविषयी. अमेरिकेतील युटा राज्यात अँटिलोप बेटावर टेलर व नाइट यांनी गवे, हरणे यांसारख्या प्राण्यांवर पायी माणूस व सायकलस्वार यांचा होणारा परिणाम पाहिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोघांना पाहून प्राणी बुजण्यात फारसा फरक आढळला नाही. प्राण्याच्या दृष्टीने दोघेही परकेच! परंतु येथेही वेगाची गोष्ट निराळी. आवाज न करता, वेगाने, वळणावरून येणारी सायकल प्राण्याला सावध होण्यास अवसर देत नाही. २०१६ साली माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगत एक सायकलस्वार वळणावर तपकिरी अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात प्राणास मुकला. आपल्याकडे अस्वले व गवे दोन्ही आहेत. खानापूर व चंदगड तालुक्यांतील वाटांवर गव्याची गाठ पडणे ही दंतकथा नव्हे.

या तीन आक्षेपांपलीकडे एक चौथी गोष्ट आहे. तिचे मोजमाप कठीण, पण सर्व वादाचे मूळ बहुधा तिच्यातच असावे. पायी चालणाऱ्याला सायकलस्वाराचा त्रास होतो; सायकलस्वाराला पायी चालणाऱ्याचा तितका होत नाही. एकाची बाजू नेहमी दचकण्याची, दुसऱ्याची दचकविण्याची. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात बर्फावर पायांनी सरकणारे व यंत्रगाडीवर बसून धावणारे यांच्या संबंधात हीच विषमता १९८२ च्या एका अभ्यासात नोंदली गेली आहे. म्हणूनच 'आम्हांला तुमची काहीच अडचण नाही, मग तुम्हांला आमची का?' हा सायकलस्वारांचा प्रश्न प्रामाणिक असला, तरी न्याय्य नाही. ज्याच्यामुळे त्रास होतो त्याला तो जाणवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि म्हणूनच सावधगिरीचा भार अधिक वेगवान माणसाने उचलावा, हे जगात बहुतेक ठिकाणी मान्य झालेले तत्त्व आहे.

आता निरनिराळ्या देशांनी काढलेले तोडगे पाहू. इंग्लंड व वेल्समध्ये पायवाट व घोडेवाट असे जुने भेद आहेत. १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना घोडेवाटांवरून जाण्याचा हक्क दिला. पण त्याच कलमात पायी व घोड्यावरून जाणाऱ्यांना त्यांनी वाट द्यावी अशी अट घातली. केवळ पायवाटांवर मात्र असा हक्क नाही. हक्क आणि कर्तव्य एकाच वाक्यात बांधण्याची ही पद्धत आम्हांस फार आवडली. स्कॉटलंडने २००३ च्या भूसुधारणा कायद्याने याहून उदार मार्ग धरला: तेथे बहुतेक सर्व मोकळ्या भूमीवर पायी, सायकलीवर वा घोड्यावर जाण्याची मुभा आहे, मात्र ती जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे. याउलट जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात जंगलातील दोन मीटरांहून अरुंद वाटेवर सायकल चालविण्यास सामान्यतः मनाई आहे. नियम सोपा, मोजपट्टीने मोजता येणारा; पण दूरवर दिसणारी निर्जन अरुंद वाट आणि गजबजलेली अरुंद वाट यांत तो भेद करीत नाही.

काही ठिकाणी भूमीची वाटणी न करता काळाची वाटणी केली आहे. वेल्समधील स्नोडन, ज्याला तेथील भाषेत इर विद्वा म्हणतात, हा १,०८५ मीटर उंचीचा पर्वत. उन्हाळ्यात त्याच्या शिखराकडे माणसांची रीघ लागते. तेथील सायकलस्वारांनी मान्य केलेल्या ऐच्छिक करारानुसार १ मे ते ३० सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात ते शिखराकडे जाणाऱ्या घोडेवाटांवर सायकल नेत नाहीत. पहाटे व संध्याकाळी वाट त्यांची. हा करार ऐच्छिक आहे, हे विशेष. अमेरिकेतील टाहो सरोवराभोवतीच्या वाटेच्या एका भागात सायकलींना केवळ सम तारखांना प्रवेश आहे. ज्याला शांतता हवी त्याने विषम तारीख निवडावी.

न्यूझीलंडमधील हीफी वाटेची कथा या सर्वांत बोधप्रद आहे. दक्षिण बेटाच्या वायव्य कोपऱ्यातील ही सुमारे ७८ किलोमीटरांची वाट सायकलस्वारांची आवडती होती. १९९६ साली तो प्रदेश काहुरांगी राष्ट्रीय उद्यान झाला आणि सायकलींना दार बंद झाले. अनेक वर्षे वाद चालला. शेवटी २०११ पासून प्रयोग म्हणून थंडीच्या मोसमात सायकलींना प्रवेश देण्यात आला. प्रयोग होईपर्यंत दोन्ही पक्षांनी आपापली भाकिते केली होती. प्रयोगाने ती पारखण्याची संधी दिली. आज तेथे १ मे ते ३० नोव्हेंबर या काळात सायकलींना परवानगी आहे. उन्हाळ्याचे गर्दीचे महिने पायी चालणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. रात्री सायकल चालविण्यास मात्र मनाई आहे. कारण तेथील मोठ्या जातीच्या दुर्मिळ गोगलगाई रात्री बाहेर पडतात. माणसांच्या भांडणात गोगलगाईचीही बाजू ऐकून घेणारा हा देश धन्य होय!

आता आपल्या डोंगरांकडे वळू. सह्याद्रीच्या वाटा या मुळी करमणुकीसाठी निर्माण झालेल्या नाहीत. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटासारख्या घाटांतून माणसे व मालाची जनावरे चढत-उतरत आली. तांड्यातील बैल व पायी वाटसरू यांनी एकच वाट वापरली. तेव्हा 'वाट केवळ एकाचीच' हा विचार आपल्या परंपरेत बसत नाही. परंतु बैल कितीही दांडगा असला तरी तो माणसाच्याच चालीने चालतो, आणि त्याच्या गळ्यातील घुंगूर तो येण्यापूर्वी वर्दी देतो. वाट वाटून घेण्याचे रहस्य या दोन गोष्टींत आहे: सारखी चाल आणि आधी वर्दी.

परदेशांतील वादात दोन पक्ष असतात व दोघेही हौसेने आलेले असतात. आपल्याकडे तिसरा पक्ष आहे आणि तोच सर्वांत जुना आहे. गवत कापणाऱ्या बायका, सरपणाची मोळी आणणारे म्हातारे, गुरे राखणारी मुले, देवीच्या दर्शनास अनवाणी जाणारे भाविक, एका वाडीतून दुसऱ्या वाडीतील शाळेत जाणारे विद्यार्थी, हे सारे त्या वाटेवर रोज असतात. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला मान वळविता येत नाही, चटकन बाजूस होता येत नाही. हा पक्ष आमच्या वादविवाद मंडळात बोलावयास आला नव्हता. पायी भटकणारे आम्ही आणि सायकलवाले आमचे मित्र, दोघेही त्यांच्या वाटेवरचे पाहुणे आहोत, हे आम्हांस आजींच्या वाक्याने कळले. आमच्या सातजणांच्या टोळक्याने त्याच सकाळी एका गुराख्याला वाटेखाली उतरावयास लावले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

मग वाटा वाटून घ्याव्यात काय? आमचे उत्तर असे: रुंद, दूरवर दिसणाऱ्या, घट्ट भूमीच्या वाटा अवश्य वाटून घ्याव्यात. बैलगाडीची वाट, वनखात्याचा कच्चा रस्ता, माळावरची पायवाट येथे बंदीचे कारण नाही. उभ्या उताराच्या, झुडपांनी झाकलेल्या, रोजच्या वहिवाटीच्या अरुंद वाटेवर सायकलीवरून उतरू नये. सायकल हाती धरून चालावे. पावसाळ्यात व त्यानंतर भूमी ओली असेपर्यंत डोंगरवाटा चाकांना बंद ठेवाव्यात. आपल्याकडील धुवाधार पावसात एक चर म्हणजे पुढच्या वर्षीची घळ. अभयारण्यात परवानगीवाचून कोणीही जाऊ नये, मग तो पायी असो वा सायकलीवर. आणि ज्या गावात सायकलस्वारांची संख्या वाढेल तेथे त्यांच्यासाठी निराळी उतरणीची वाट आखून द्यावी. खेळाला अंगण मिळाले की तो रस्त्यावर येत नाही.

केवळ बंदीवर आमचा विश्वास नाही, याचेही कारण सांगतो. आज शाळेतील मुलांना डोंगराकडे नेणाऱ्या गोष्टी थोड्या व घरात बसविणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. सायकलीमुळे एखादा मुलगा किंवा मुलगी पहाटे उठून डोंगर गाठत असेल, तर तो डोंगराचा एक भावी रक्षक आहे. त्याला हाकलून दिले तर वणवा लागेल त्या दिवशी धावून येणारे दोन हात कमी होतील. टॅमलपायसवरील कटुता अनेक वर्षे टिकली; याउलट जेथे सायकलस्वार व पदयात्री एकत्र फावडे घेऊन वाट दुरुस्त करावयास आले, तेथे एकमेकांची नावे त्यांना कळली; आणि ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्या अंगावर सहसा कोणी भरधाव सायकल घालीत नाही.

आम्ही नऊजणांनी आपल्यापुरते चार नियम केले आहेत. वळणावर पायी माणसाच्या चालीहून अधिक वेग नाही. प्रत्येक सायकलीला घंटा हवीच, आणि ती माणूस दिसल्यावर नव्हे, वळण दिसल्यावर वाजवावयाची. ओझे असलेला माणूस दिसताच, सायकलस्वार असो वा पायी, प्रत्येकाने वाटेच्या कडेला थांबून त्याला जाऊ द्यावयाचे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी एक रविवार त्या वाटेच्या दुरुस्तीसाठी द्यावयाचा.

तो रविवार माघात पार पडला. वळणावरची थोडी कारवी आम्ही गावच्या पंचांना विचारून छाटली आणि घसरत्या जागी दगडांच्या चार पायऱ्या बसविल्या. पुन्हा दोरी धरून मोजले, तेव्हा अकरा मीटरांचे एकोणीस झाले होते. आमचा सोबती मोठ्या अपेक्षेने सायकलीकडे पाहू लागला. इतक्यात खालून आजी भारा घेऊन आल्या. तो बाजूस झाला, सायकल झाडाला टेकविली आणि त्यांना वाट करून दिली. नव्या पायऱ्यांवर पाय ठेवून पाहत आजी म्हणाल्या, "आता बरं हाय." आणि सायकलीकडे बोट दाखवून विचारले, "ह्येच्यावर माझा भारा ऱ्हाईल काय रं?"

त्या दिवशी भारा सायकलीवर बांधून, दोघांनी दोन बाजूंनी धरून, आम्ही पायी पायी खाली उतरलो.